पहाटे साडेचारला पाउंड का कोसळतो, आणि रुपयाचं तसं का होत नाही

७ ऑक्टोबर २०१६, शुक्रवार. आपल्याकडे पहाटेचे ४ वाजून ३७ मिनिटं झाली होती आणि ब्रिटनचा पाउंड, म्हणजे जगातल्या सगळ्यात जास्त उलाढालीच्या चार चलनांपैकी एक, साधारण १.२६ डॉलरवरून काही मिनिटांत १.१५ च्या आसपास गेला. कुठे युद्ध नाही, बँक बुडाली नाही, सरकार पडलं नाही, तरी नऊ टक्के खाली. आणि थोड्या वेळात बराचसा परत वरही आला. सकाळी ऑफिसला पोचलेल्या लोकांनी चार्ट उघडला तर मध्येच एक रेघ सरळ खाली गेलेली आणि आजूबाजूला सगळं शांत. काही सौदे नंतर रद्द झाले त्यामुळे नेमका तळ किती होता यावरच घोळ चालू राहिला.

मी वाशीत आयातदारांच्या परदेशी पेमेंटची कामं बघतो, सुकामेवावाले, मसालेवाले, फळवाले. असं काही झालं की पहिला फोन हमखास "कोणी केलं हो हे?" असाच येतो, आणि तोपर्यंत व्हॉट्सअपवर उत्तर फिरायला लागलेलं असतं, अमुक फंडाने पाडला, तमुक देशाने मुद्दाम केलं. मला वाटतं कोणी विकलं हा प्रश्न अर्धाच आहे. विकणारे रोजच असतात. विचारायचं ते हे की त्या क्षणाला समोर घ्यायला कोण नव्हतं, आणि का नव्हतं. चलन बाजारातल्या बहुतेक विचित्र उड्या या एका प्रश्नाने उलगडतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

आधी रेट म्हणजे काय ते बघू, कारण इथेच सगळा गोंधळ आहे. आपल्याला वाटतं की डॉलरचा किंवा पाउंडचा रेट म्हणजे त्या चलनाची किंमत, जणू कुठेतरी लिहून ठेवलेली. स्क्रीनवर दिसतो तो फक्त शेवटचा सौदा, किंवा आत्ता घ्यायला तयार असलेला आणि विकायला तयार असलेला यांचे दोन भाव. समजा वाशीच्या एपीएमसीत मार्केट उठायच्या वेळेला एक टेम्पो टोमॅटो घेऊन आला, गाळे बहुतेक बंद, आणि ड्रायव्हरला माल आत्ताच्या आत्ता खाली करायचाय. पहिला व्यापारी म्हणतो वीस रुपयाने दहा क्रेट घेतो, दुसरा म्हणतो बारा रुपयाने वीस घेतो, उरलेला माल जाता जाता कोणीतरी आठ रुपयाने उचलतो. शेवटचा सौदा आठला झाला म्हणून नवी मुंबईत टोमॅटो आठ रुपये झाला का? नाही. पण तिथे स्क्रीन असती तर तिच्यावर आठच दिसला असता, आणि ती बघून दुसऱ्या टेम्पोवाल्याने घाबरून आपलाही माल आठला काढला असता.

आता तुम्ही म्हणाल चलन बाजार तर एवढा मोठा, तिथे घेणारे कसे कमी पडतील. मोठा आहेच, एप्रिल २०२५ च्या मोजणीत दिवसाला ९.६ लाख कोटी डॉलरची उलाढाल निघाली. पण ही उलाढाल चोवीस तासात सारखी पसरलेली नसते. हा बाजार कुठल्या एका इमारतीत भरत नाही, सूर्याबरोबर फिरतो. आपल्या घड्याळाने सांगायचं तर पहाटे साडेपाचच्या सुमाराला टोकियो, मग सिंगापूर, हाँगकाँग, दुपारी साडेबारा-दीडला लंडन, संध्याकाळी न्यूयॉर्क. लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही चालू असतात त्या वेळात सगळ्यात जास्त गर्दी. न्यूयॉर्कवाले घरी जातात आपल्या पहाटे अडीच ते साडेतीनला, ऋतूप्रमाणे तासाचा फरक. आणि तिथून टोकियो उघडेपर्यंतचा जो मधला वेळ आहे, तो सगळ्यात विरळ. पाउंड पडला तो नेमका यात, चार सदतीसला.

केंद्रीय बँकांची बँक म्हणतात ती बासेलची बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स, तिच्या समितीने या प्रकाराचा शोध घेऊन जानेवारी २०१७ मध्ये अहवाल दिला. वाचताना मला सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी एकाही माणसाच्या किंवा एका बटणाच्या डोक्यावर खापर फोडलं नाही. आदल्या संध्याकाळी फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष ओलांद ब्रेक्झिटबद्दल कडक बोलले होते, ते कारण म्हणून खूप फिरलं, पण तेवढ्याने नऊ टक्के होत नाही. अहवालात वेळेला मोठं महत्त्व दिलंय. त्या वेळेला डेस्कवर होती ती मंडळी पाउंडच्या सौद्यात तितकी मुरलेली नव्हती. आणि मग एकावर एक चढत गेलं.

ते एकावर एक कसं चढतं ते नीट समजून घ्या कारण हाच खरा गाभा आहे. भाव देणारे बहुतेक आता कॉम्प्युटर आहेत, मोठ्या बँका आणि खास कंपन्यांचे. दोन्ही बाजूचे भाव देत राहायचे आणि मधल्या फरकावर कमवायचं असा त्यांचा धंदा. त्यांना शिकवलेलं असतं की भाव नेहमीपेक्षा जोरात हलला तर आधी फरक मोठा कर, तरी थांबला नाही तर बाजूला हो. एका कंपनीसाठी हे शहाणपणाचंच आहे, उगाच नुकसान का घ्या. पण सगळ्यांनी एकाच सेकंदाला हेच केलं तर घेणारा उरतच नाही. त्या दिवशी शिकागोच्या एक्स्चेंजवर पाउंडचे फ्युचर्सचे, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवायचे सौदे जोरदार हालचालीमुळे नियमाप्रमाणे थोडा वेळ थांबले, आणि ज्यांचे कॉम्प्युटर फ्युचर्सचा भाव बघून इकडचा भाव देत होते त्यांचा आधारच गेला, तेही बाजूला झाले. म्हणजे सुरक्षेसाठी लावलेला ब्रेक एका बाजारात लागला आणि त्याचा धक्का दुसऱ्या बाजारात बसला.

वर आणखी दोन गोष्टी. एक, ऑप्शन विकलेल्या बँका. पाउंड पडल्यावर पैसे देऊ अशी हमी त्यांनी कोणाला तरी दिलेली असते, आणि त्या हमीचा धोका झाकायला पाउंड जसजसा पडतो तसतसा त्यांना स्वतःलाही तो आणखी विकावा लागतो. त्यांना पडझड हवी असते असं नाही, गणितच तसं असतं. दोन, स्टॉप लॉस. इथे जरा थांबतो कारण आपल्याकडे फार लोक यावर डोळे झाकून भरवसा ठेवतात. स्टॉप लॉस १.२५ ला लावला म्हणजे १.२५ ला विकलं जाईल असं नाही. १.२५ ला पोचल्यावर "मिळेल त्या भावाला विक" अशी ऑर्डर सुटेल, एवढंच. मिळेल तो भाव १.२४९ असेल नाहीतर १.१८. आणि हजारो लोकांचे स्टॉप गोल आकड्यांच्या खाली एकाच जागी जमलेले असतात, ते सुटले की विकणारे एकदम वाढतात, तेही नेमके घेणारे गायब असताना.

३ जानेवारी २०१९ ला हेच जपानच्या येनमध्ये झालं, उलट्या दिशेने. आपल्या पहाटे चारनंतर, जपानमध्ये नव्या वर्षाची सुट्टी, त्यात आदल्या रात्री अमेरिकेचा शेअर बाजार बंद झाल्यावर ॲपलने विक्रीचा अंदाज कमी केला. डॉलर साधारण १०९ येनवरून काही मिनिटांत १०५ च्या आसपास आला, ऑस्ट्रेलियन डॉलर तर येनसमोर आणखी जोरात आपटला. जपानमधल्या साध्या घरातल्या लोकांनी जास्त व्याजाच्या चलनात उधारीवर पोझिशन घेऊन ठेवल्या होत्या, त्यांचे मार्जिन, म्हणजे उधारीपोटी भरलेले पैसे, संपले आणि ब्रोकरच्या सिस्टीमने त्या आपोआप कापल्या. तीच विरळ वेळ, तीच साखळी. म्हणून कोणी मला पहाटेच्या चार्टचा स्क्रीनशॉट पाठवला की मी आधी दिशा नाही, वेळ बघतो.

सगळ्या उड्या अशा रिकाम्या वेळेच्या नसतात मात्र. १५ जानेवारी २०१५ ला आपल्याकडे दुपारचे तीन वाजले होते, युरोपात भर बाजार, आणि स्विस फ्रँकने जे केलं त्यापुढे पाउंडची गोष्ट लहान वाटते. स्विस नॅशनल बँकेने सप्टेंबर २०११ पासून शब्द दिला होता की एक युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही, लागतील तेवढे फ्रँक छापून युरो विकत घेऊ. म्हणजे १.२० ला एक घेणारा कायम उभा. सगळं जग त्याच्या भरवशावर सौदे करत होतं. तीनच दिवस आधी बँकेचे उपाध्यक्ष म्हणाले होते की ही पातळी आमच्या धोरणाचा कणा राहील. आणि त्या दुपारी बँकेने पत्रक काढलं, आजपासून ती पातळी नाही.

काही मिनिटांत युरो ०.९० च्याही खाली जाऊन आला आणि मग एकाच्या आसपास स्थिरावला. मधल्या भावांना सौदे जवळजवळ झालेच नाहीत. १.१९ ला स्टॉप लावलेल्या बऱ्याच लोकांना एकाच्या आसपासचा भाव मिळाला. ज्यांनी शंभरपट उधारीवर पोझिशन घेतली होती त्यांचं काय झालं बघा: शंभरपट म्हणजे एक टक्का उलट गेलं की भरलेले सगळे पैसे संपले. इथे गेलं पंधरा-वीस टक्के. म्हणजे पैसे तर गेलेच, वर ब्रोकरचं देणं झालं. ग्राहक ते देऊ शकले नाहीत म्हणून एफएक्ससीएम या मोठ्या ब्रोकरच्या अंगावर सुमारे २२.५ कोटी डॉलर आले आणि त्याला तातडीने ३० कोटी डॉलरचं कर्ज काढून तगावं लागलं, अल्पारी या ब्रोकरची लंडनची कंपनी दिवाळखोरीत गेली. आणि ज्यांनी आयुष्यात ट्रेडिंग केलं नव्हतं अशी पोलंड, क्रोएशियातली कुटुंबं, ज्यांनी व्याज कमी म्हणून घराचं कर्ज फ्रँकमध्ये घेतलं होतं, त्यांचा हप्ता रात्रीत वाढला. पगार झ्लोटीसारख्या आपल्या देशाच्या चलनात आणि कर्ज फ्रँकमध्ये. हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, कारण त्या लोकांना चलनावर जुगार खेळतोय असं कोणी समजावून सांगितलेलंच नव्हतं.

प्रश्न तोच, घेणारा कोण होता आणि कुठे गेला. पाउंडच्या वेळी तो झोपला होता, फ्रँकच्या वेळी उभा असलेला एकमेव मोठा घेणारा निघून गेला. आणि लक्षात घ्या, जेवढी वर्षं तो उभा होता तेवढी वर्षं चार्ट एकदम शांत दिसत होता. ज्या चलनाचा भाव कित्येक महिने हलतच नाही ते सुरक्षित, असं समजू नका, तिथे कोणीतरी धरून ठेवलंय का ते आधी बघा.

तिसरा प्रकार ऑगस्ट २०२४ चा, यालाच कॅरी ट्रेड सुटणं म्हणतात. जपानमध्ये वर्षानुवर्षं व्याज जवळजवळ शून्य, म्हणून जगभरचे फंड येनमध्ये स्वस्त कर्ज घेऊन ते पैसे जास्त व्याजाच्या देशात किंवा शेअर्समध्ये लावत होते. यात येन कर्जाऊ घेऊन विकावा लागतो, म्हणून येन हळूहळू पडत राहतो, आणि पडत राहिला तर कर्ज आणखी स्वस्त पडतं, त्यामुळे आणखी लोक येतात. जुलै २०२४ मध्ये डॉलर १६१ येनच्या पुढे गेला होता. मग ३१ जुलैला बँक ऑफ जपानने व्याजदर ०.२५ टक्क्यावर नेला, दोन दिवसांनी अमेरिकेचे नोकऱ्यांचे आकडे कमजोर आले, आणि सगळ्यांना एकाच वेळी कर्ज फेडायला येन लागला. ५ ऑगस्टला डॉलर १४२ येनच्या आसपास, आणि त्या एका दिवसात जपानचा शेअर निर्देशांक निक्केई १२.४ टक्के खाली, दुसऱ्या दिवशी १० टक्क्याच्या वर परत. नुसत्या पाव टक्का व्याजाने एवढं होत नाही, सगळे एकाच बाजूला उभे होते म्हणून झालं.

आता आपल्या रुपयाकडे. रुपया काही मिनिटांत नऊ टक्के का पडत नाही? कारण इथे समोर घेणारा ठरलेला आहे, रिझर्व्ह बँक. मुंबईत इंटरबँक, म्हणजे बँकांचा आपसातला बाजार सकाळी ९ ते दुपारी साडेतीन, आणि रुपया फार जोरात घसरायला लागला की सरकारी बँकांमार्फत डॉलर विकायला येतात ते बहुतेक वेळा आरबीआयचेच असतात असं बाजारात सगळे धरून चालतात. त्यासाठी परकीय चलनाची गंगाजळी आहे, २०२५ मध्ये ती साधारण ७० हजार कोटी डॉलरच्या घरात होती. पातळी राखायची नाही, फक्त उड्या कमी करायच्या, असं आरबीआय स्वतः सांगते, आणि स्विस बँकेपेक्षा हा फार महत्त्वाचा फरक आहे, कारण कुठल्याही एका आकड्याचा लेखी शब्द दिलेला नाही.

तरी ताण येतोच. २०१३ मध्ये २२ मे ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, तेव्हाचे अध्यक्ष बर्नान्के म्हणाले की आम्ही बाजारात पैसा ओतणं हळूहळू कमी करू शकतो, आणि तेव्हा ५५ च्या आसपास असलेला रुपया २८ ऑगस्टला ६८.८ पर्यंत गेला, त्या एकाच दिवसात साडेतीन टक्क्याच्या वर. त्या संध्याकाळी आरबीआयने ठरवलं की तेल कंपन्यांना डॉलर बाजारातून घ्यायला न लावता थेट एका खास खिडकीतून द्यायचे. रोजचा सगळ्यात मोठा डॉलर घेणाराच बाजारातून काढला आणि दुसऱ्या दिवशी रुपया जोरात वर आला. किती नेमका उपाय होता बघा, भावाशी न झगडता गर्दीची बाजू हलकी केली.

आणि अगदी अलीकडचं, २०२५ च्या शरदात ८८.८० जवळ रुपया बरेच दिवस अडून होता, बाजार म्हणायला लागला की आरबीआय इथे उभी आहे. मग आयातदारांनी काय केलं, आता खाली जाणार नाही म्हणून डॉलर घ्यायचे पुढे ढकलले. २१ नोव्हेंबरला ती पातळी तुटली, त्याच दिवशी रुपया ८९ च्या पलीकडे, कारण अडकलेले सगळे एकदम घ्यायला धावले. डिसेंबरच्या सुरुवातीला ९० पार. स्विस गोष्टीशी नातं दिसतंय ना, फक्त आकार खूप लहान, कारण आरबीआय मागे सरकली तरी पूर्ण निघून गेली नव्हती.

साडेतीननंतरही रुपया थांबत नाही बरं का. सिंगापूर, लंडन, दुबईला एनडीएफ म्हणून बाजार चालतो, तिथे रुपया हातात येत नाही, फरक फक्त डॉलरमध्ये चुकता होतो. रात्री अमेरिकेत काही झालं की तिथे भाव हलतो आणि सकाळी नऊला आपला बाजार थेट त्या भावाजवळ उघडतो. चार्टवर जी मोकळी जागा दिसते ती ही.

कधी कधी उडी झालेलीच नसते. १ जानेवारी २०२४ ला गुगलवर पोलंडचा झ्लोटी वीस टक्क्यांच्या वर पडलेला दिसला, लोक घाबरले, अर्थमंत्र्यांना सांगावं लागलं की आकडा चुकीचा आहे, सुट्टीमुळे बाजार बंद आहे. आणि कधी खरंच लबाडी असते, ते पण सांगायला हवं. लंडनला दुपारी चारला जो रोजचा ठरलेला भाव निघायचा तो एका मिनिटाच्या सौद्यांवरून, आणि मोठ्या बँकांचे डीलर चॅटवर आपसात ठरवून तो ढकलत होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये सहा बँकांना मिळून ४०० कोटी डॉलरच्या वर दंड झाला, नंतर ती खिडकी एका मिनिटाची पाच मिनिटं केली. पण ही ढकलाढकली बारीक असते, चार्टवर नुसती नजर टाकून कळत नाही. मोठी सरळ रेघ दिसली की बहुतेक वेळा घेणारा नसणं हेच कारण निघतं.

मग आपण करायचं काय. विचित्र रेट दिसला तर आधी घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातला फरक बघा. तो नेहमीच्या कितीतरी पट झाला असेल तर मधला आकडा हा कोणाचाच भाव नाहीये, त्यावर निर्णय घेऊ नका. मग वेळ बघा, सुट्टी आहे का बघा, आणि तो आकडा किमान दोन ठिकाणी सारखा आहे का बघा. रुपयासाठी एफबीआयएल या बाजाराचे संदर्भ दर काढणाऱ्या संस्थेचा रेफरन्स रेट दुपारी निघतो, सकाळी साडेअकरा ते साडेबाराच्या सौद्यांवरून, तो एखाद्या क्षणाच्या उडीपेक्षा खूप विश्वासाचा.

ज्यांचे न्हावा शेवाला कंटेनर येतात, कॅलिफोर्नियाचे बदाम किंवा वॉशिंग्टनचं सफरचंद, आणि पेमेंट साठ-नव्वद दिवसांनी करायचंय, त्यांना मी एकच आग्रह धरतो, सगळं उघडं ठेवू नका. बँकेकडे फॉरवर्ड, म्हणजे पुढे लागणाऱ्या डॉलरचा भाव आजच ठरवायचा करार करून निदान काही भाग आजच बांधून घ्या. थोडा प्रीमियम जातो, जाऊ दे. माल विकून मिळणारा मार्जिन किती आणि डॉलर दोन रुपये हलला तर त्यातलं काय उरतं हा हिशेब आधी कागदावर करा. ठाण्यात कितीतरी घरातली मुलं बाहेर शिकायला गेलीत, त्यांच्या आईबाबांनाही तेच, फीचे डॉलर शेवटच्या दिवशी एकदम घेण्यापेक्षा तीन-चार हप्त्यात घ्या, म्हणजे एक वाईट दिवस सगळ्या फीवर पडत नाही.

आणि टेलिग्रामवरून जे फॉरेक्सचे ॲप पसरलेत, पाचशेपट लिव्हरेज म्हणजे उधारी, डॉलरमध्ये खातं, त्यापासून मुलांना लांब ठेवा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. पाचशेपट म्हणजे ०.२ टक्के उलट गेलं की खातं रिकामं, आणि एवढं तर साध्या दुपारी पण हलतं. भारतात राहणाऱ्याला चलनाचे सौदे फक्त मान्यता असलेल्या एक्स्चेंजवर आणि आरबीआयने परवानगी दिलेल्या प्लॅटफॉर्मवरच करता येतात, बाहेरच्या ॲपवर मार्जिन पाठवणं फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही, आणि जानेवारी २०२४ मध्ये आरबीआयने हेही पुन्हा बजावलं की एक्स्चेंजवर रुपयाचे सौदे करायचे तर खरंखुरं परदेशी चलनाचं देणंघेणं असायला हवं. सप्टेंबर २०२२ पासून आरबीआयच्या साइटवर अलर्ट लिस्ट आहे, परवानगी नसलेल्या कंपन्यांची नावं त्यात आहेत आणि ती वाढतायत. नाव त्यात नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही, परवानगी असलेल्यांची यादी वेगळी आहे, ती तपासा. अशा बऱ्याच ॲपवर तुमच्या सौद्याच्या समोर तो ब्रोकर स्वतःच उभा असतो. पहाटे चारला भाव कोसळला तर समोरच्या बाजूला कोण होतं हे तुम्ही तिथे कोणाला विचारणार, आणि तक्रार घेऊन इथल्या कुठल्या दारात जाणार.